पाच स्टार नेमके कधी दिले, ते बघा

प्रश्न : पुण्याच्या एका वाचक भगिनींची बदली बंगळुरूला झाली आहे. दोन बेडरूमचं भाड्याचं घर पुढच्या महिनाअखेरीला रिकामं करायचं आहे. सामान हलवण्यासाठी त्यांनी एका लिस्टिंग साइटवर चौकशीचा फॉर्म भरला आणि तासाभरात फोनांची रांग लागली. चाळून चाळून दोन कंपन्या उरल्या आहेत. पहिलीला ४.९ स्टार, दोनशे रिव्ह्यू आणि भाव २४ हजार. दुसरीला ४.२ स्टार, अकराशे रिव्ह्यू आणि भाव ३९ हजार. पहिल्या कंपनीचा माणूस म्हणतो, आज ५ हजार भरले तरच हा भाव मिळेल. शिवाय बुकिंग झाल्या झाल्या पाच स्टार दिले तर आणखी हजार रुपये कमी. यजमानांचं म्हणणं, दोनशे माणसं खोटं कशाला बोलतील? शेजारच्या काकूंचं म्हणणं, नेटवरचे सगळे रिव्ह्यू विकतचे असतात. ह्या साइटींवर विश्वास ठेवायचा की नाही, ते एकदाचं सांगा, असं त्यांनी लिहिलं आहे.

उत्तर :

नमस्कार.

आधी तातडीचं. आज ५ हजार भरू नका. तुमच्या घरातलं सामान न बघता फोनवर सांगितलेला भाव उद्या सकाळी बदलायचं काहीच कारण नाही. असा भाव बदलतो तो सामान गाडीत चढल्यावर. तुमच्या हातात अजून महिन्याहून जास्त दिवस आहेत, तेव्हा घाई त्यांची आहे, तुमची नाही.

आता घरातल्या वादाबद्दल. यजमान आणि काकू भांडतात एकमेकांविरुद्ध, पण दोघांनी गृहीत एकच गोष्ट धरली आहे : रिव्ह्यू खरा असेल तर कामाचा, खोटा असेल तर टाकाऊ. मला हे गृहीतकच तपासावंसं वाटतं. कारण सामान हलवण्याच्या धंद्यात खऱ्या माणसाने, मनापासून, कोणाकडून पैसा न घेता दिलेले पाच स्टारसुद्धा तुम्हाला चुकीच्या कंपनीकडे नेऊ शकतात.

सामान बांधून गाडीत चढलं की सुपरवायझर फोनवरचा क्यूआर कोड पुढे करतो. ‘ताई, काम आवडलं असेल तर तेवढा रिव्ह्यू टाका.’ पोरं सकाळपासून राबलेली डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे पाच स्टार द्यायला कोणाचीच हरकत नसते. त्यात काही गैरही नाही. फक्त तोवर ग्राहकाने बघितलेलं असतं ते पॅकिंग. गाडी ठरल्या दिवशी पोचली का, वाटेत गोडाऊनमध्ये सामान दुसऱ्या गाडीत टाकलं का, उतरवण्याआधी जादा पैसे मागितले का, फ्रिज आणि आरसा धड निघाले का, भरपाई मागितल्यावर फोन उचलला का, ह्यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. ह्या धंद्यातल्या बहुतेक तक्रारी नेमक्या ह्या दुसऱ्या अर्ध्या भागातल्या असतात.

म्हणून रिव्ह्यू वाचताना पहिला प्रश्न हा विचारा : हे लिहिताना लिहिणाऱ्याला काय काय माहीत असणं शक्य होतं? हा प्रश्न कुठल्याही धंद्याला लावता येतो. खानावळीतल्या जेवणाचा निकाल ताटावरच लागतो, सलूनचा आरशात. तिथे शे-दोनशे ताज्या रिव्ह्यूंवर बऱ्यापैकी विसंबता येतं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा निकाल एक पावसाळा गेल्यावर लागतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये काम संपल्या संपल्या लिहिलेले रिव्ह्यू जुलैतल्या ओल आलेल्या छताबद्दल काही सांगत नाहीत. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल वर्षभराने बोलू लागतात. दाताचं रूट कॅनल दोन-चार वर्षं टिकलं तर चांगलं झालं म्हणायचं. दवाखान्याच्या रिव्ह्यूतून त्याच दिवशी कळतं ते एवढंच की डॉक्टर बोलायला कसे आहेत आणि किती वेळ बसावं लागतं. तीही माहिती उपयोगाचीच आहे, फक्त तिच्यावरून हाताचं कसब ठरवू नये.

आता तुमच्या पहिल्या कंपनीचं पान उघडा. रिव्ह्यू ‘न्यूएस्ट’ क्रमाने लावा आणि मजकूर असलेले तीस वाचा. नुसते स्टार, किंवा ‘गुड सर्व्हिस’, ‘व्हेरी नाइस टीम’ एवढंच असेल तर ते मोजणीतून वगळा. उरलेल्यांत सामान उतरवल्याचा उल्लेख किती जणांनी केला आहे? पोचायला किती दिवस लागले, शेवटचं बिल कोटेशनएवढंच आलं का, काही फुटलं का, हे कोणी लिहिलं आहे? तिसात पाच जणांनीही लिहिलं नसेल, तर ४.९ हा आकडा पॅकिंगचा आहे असं समजा. शिवाय शहरातल्या शहरात घर बदलणाऱ्यांचे रिव्ह्यू वेगळे काढा. कोथरूडहून हडपसरला सामान संध्याकाळपर्यंत पोचतं आणि मालक टेम्पोच्या मागोमाग स्वतः जातो. साडेआठशे किलोमीटरचा प्रवास हे निराळं काम आहे.

मग क्रम उलटा करून ‘लोएस्ट’ लावा. इथे थोडा हिशोब कामी येतो. दोनशे रिव्ह्यूंना सरासरी ४.९ म्हणजे एक स्टार देणारे फार तर पाच-सात असू शकतात. त्याहून जास्त असते तर सरासरी खाली आली असती. ते सगळे वाचायला दहा मिनिटं पुरतात, आणि पूर्ण प्रवासाची हकिकत बहुधा तिथेच मिळते. त्या पाचांतल्या तिघांनी ‘सामान चढवल्यावर भाव वाढवला’ असं लिहिलं असेल, तर उरलेले एकशे पंच्याण्णव पाच स्टार मी तरी बाजूला ठेवीन.

दुसऱ्या कंपनीलाही मोकळं सोडू नका. अकराशे रिव्ह्यूंना ४.२ म्हणजे एक स्टारवाले दोनशेच्या आसपासही असू शकतील. तिथे संख्येपेक्षा तक्रारीची जात बघा. ‘दोन दिवस उशीर झाला’, ‘काचेचा एक बाउल फुटला’, ‘कस्टमर केअर फोन लवकर उचलत नाही’ ही मोठ्या पसाऱ्याच्या धंद्यातली नेहमीची दुखणी आहेत. त्रास होतो, पण घर उघड्यावर पडत नाही. ‘गाडी अडवून ठेवली’, ‘जादा १५ हजार दिल्याशिवाय सामान उतरवेनात’, ‘खोकी उघडून वस्तू काढल्या’ ह्या तक्रारी दुसऱ्या जातीच्या. गेल्या सहा महिन्यांत अशा दोन-तीन दिसल्या तरी ती कंपनी यादीतून काढा. तक्रारीखाली कंपनीने काय लिहिलं आहे तेही वाचा. बुकिंग नंबर, तारीख, किती भरपाई दिली, असं काही नेमकं असेल तर तिथे कोणीतरी जबाबदार माणूस बसला आहे. प्रत्येक तक्रारीखाली ‘हे आमचे ग्राहकच नाहीत’ हे एकच वाक्य चिकटवलेलं असेल तर सावध व्हा.

काकूंच्या शंकेतही तथ्य आहेच. विकतचे रिव्ह्यू असतात आणि भरपूर असतात. २०२३ ह्या एका वर्षात नकाशावरचे १७ कोटींहून जास्त नियमबाह्य रिव्ह्यू अडवले किंवा काढले, असं खुद्द गूगलनेच जाहीर केलं होतं. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास करणाऱ्या मायकेल लुका आणि जॉर्जिओस झेर्वास ह्या संशोधकांना येल्प ह्या रिव्ह्यूंच्या साइटने सुमारे १६ टक्के रिव्ह्यू संशयास्पद म्हणून गाळलेले आढळले. लुका ह्यांच्याच आधीच्या अभ्यासात एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं होतं. खोट्या रिव्ह्यूंचा बाजार का टिकून आहे त्याचं उत्तर ह्या आकड्यात आहे. आणि २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर ह्या पत्रकाराने आपल्या बागेतली शेड उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवली आणि मित्रमंडळींच्या खोट्या रिव्ह्यूंवर ती शहरातली पहिल्या क्रमांकाची जागा करून दाखवली. तोवर तिथे कोणालाही जेवण मिळालेलं नव्हतं.

तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही ‘घरबसल्या नकाशावर रेटिंग द्या, एका रेटिंगचे ५० रुपये’ असे निरोप येत असतील. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरंच येतात, मग ‘मोठ्या टास्क’साठी पैसे भरायला सांगतात आणि ते बुडतात. घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा.

खोटे रिव्ह्यू ओळखायची एकच अशी खूण नाही. तीन-चार खुणा एकत्र आल्या तर संशय घ्यावा. महिनोन्‌महिने शांतता आणि मग एकाच आठवड्यात तीस-चाळीस पाच स्टार. वेगवेगळ्या नावांखाली तेच शब्द, त्याच क्रमाने. लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर टिचकी मारली तर एकाच महिन्यात जयपूरचं हॉटेल, कोलकात्याचा दवाखाना आणि चेन्नईचा जिम. जुने रिव्ह्यू केकचे किंवा मोबाइल दुरुस्तीचे आणि नवे पॅकर्स-मूव्हर्सचे, म्हणजे जुन्या दुकानाचं पान नाव बदलून वापरलेलं. प्रोफाइल झाकलेली असणं हा मात्र गुन्हा नाही, पुष्कळ खरी माणसंही ती झाकून ठेवतात. सुपरवायझरचं नाव लिहिलेलं असणंही संशयाचं नाही. नाव लिहा असं त्यांना सांगितलेलं असतं. आणि एका दिवसात अचानक आलेले दहा एक-स्टार, मजकुराविना, हे प्रतिस्पर्ध्याचं कामही असू शकतं.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक केलं आणि ते २५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालं. विकत घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत असं त्यात आहे, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं गेलं. शिवाय चौकशीच्या बहुतेक साइटींची कमाई ग्राहकाकडून होत नाही, नोंदणी केलेल्या धंद्यांकडून होते. तुम्ही फॉर्म भरला की तुमचा नंबर एकाच वेळी अनेकांकडे जातो. तुम्हाला फोनांची रांग अनुभवायला मिळाली ती त्यामुळेच. म्हणून साइटवरच्या ‘व्हेरिफाइड’ शिक्क्याचा अर्थ फार ताणू नका. फोन नंबर किंवा कागदपत्रं तपासली एवढाच तो असू शकतो.

रिव्ह्यूंचं काम इथे संपतं : दहातून तीन नावं निवडायची. पुढची खातरजमा कागदावर करावी लागते आणि ती घरबसल्या होते.

दोन्ही कंपन्यांकडे जीएसटी नंबर मागा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये लॉगिन न करता हा नंबर टाकता येतो. कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. ‘वीस वर्षांची सेवा’ म्हणणाऱ्याची नोंदणी गेल्या दिवाळीनंतरची निघाली तर कारण विचारा. जीएसटीच्या आधीपासून चालत आलेल्या बऱ्याच धंद्यांची तारीख ०१/०७/२०१७ दिसते. ह्या धंद्यात नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर किंवा ‘न्यू’, ‘ओम’, ‘इंडिया’ असा शब्द घालून नावं घेतलेली असतात, त्यामुळे नाव, जीएसटी नंबर आणि ज्या खात्यात पैसे मागतात त्या खात्याचं नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव आलं तर पैसे पाठवू नका. ‘आयबीए अप्रूव्हड’ असा दावा असेल तर इंडियन बँक्स असोसिएशनच्या संकेतस्थळावरच्या वाहतूकदारांच्या यादीत नाव शोधा. बँकेतल्या लोकांना बदलीचं बिल मंजूर करून घ्यायला ही यादी लागते.

मग सामान दाखवा. प्रत्यक्ष येऊन बघायला सांगा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर माळे, बाल्कनी आणि पलंगाखालचं स्टोरेजसुद्धा दाखवा. दोन बेडरूमच्या घराला साधारण ३० ते ४० खोकी लागतात आणि सामान चौदा फुटी गाडीत बसतं. लेखी कोटेशनमध्ये वस्तूंची यादी, खोकी तीन पदरी की पाच पदरी, टीव्हीला लाकडी क्रेट आहे का, दोन्हीकडचा मजला आणि लिफ्ट, हमाली, टोल, कर, पोचायची तारीख, सगळं यायला हवं. गाडी फक्त तुमची आहे की पार्ट लोड, हे आवर्जून लिहून घ्या. २४ आणि ३९ हजारांतला फरक बहुधा इथेच सापडेल. पार्ट लोडमध्ये तुमचं सामान इतरांच्या सामानाबरोबर जातं, गोडाऊनमध्ये उतरतं, पुन्हा चढतं. दर चढ-उताराला मोडतोडीची शक्यता वाढते आणि दिवसही. स्वस्त हवं असेल आणि काचसामान कमी असेल तर पार्ट लोड घ्यायला हरकत नाही, पण जाणून घ्या.

विम्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण तिथे फार जण फसतात. कोटेशनमध्ये ‘इन्शुरन्स ३ टक्के’ असं लिहून पैसे घेतले जातात आणि प्रत्यक्षात कुठल्याही विमा कंपनीची पॉलिसी नसते. तो मूव्हरने स्वतःच दिलेला शब्द असतो. विमा कंपनीचं नाव आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र गाडी निघण्याआधी हातात घ्या. ते देत नसतील तर ती रक्कम भरू नका. रस्तेवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, पण तुम्ही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे भाडं २० हजार असेल तर मर्यादा २ लाख. फॉर्मवर सामानाची किंमत ५० हजार लिहिली असेल तर ५० हजारच. ‘किंमत कमी टाका, सोपं पडेल’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

गाडी निघताना बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, घ्या. त्यावर गाडीचा नंबर हवा. वाटेत ‘चेकपोस्टला गाडी अडवली, ई-वे बिलाचे पैसे पाठवा’ असा फोन आला तर लक्षात ठेवा : ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा कागद, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागत नाही. आगाऊ रक्कम दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, बरीचशी रक्कम सामान चढल्यावर आणि किमान चौथा हिस्सा सामान उतरल्यावर द्यायचा, असं कोटेशनवर लिहून घ्या. दागिने, मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं तुमच्याबरोबर.

हजार रुपयांच्या सवलतीबद्दल. मोह होणं साहजिक आहे, बदलीत खर्च काही थोडा नसतो. तरीही नाही म्हणा. अशी देवघेव गूगलच्या नियमांत बसत नाही, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की तुमचा रिव्ह्यू वाचून उद्या तुमच्यासारखंच एखादं कुटुंब आपलं सगळं घर त्या गाडीत चढवेल. ‘शेवटचं खोकं उघडलं की सविस्तर लिहीन’ असं त्यांना सांगा, आणि खरंच लिहा. कोटेशन किती, शेवटी किती दिले, किती दिवस लागले, काय फुटलं, भरपाईचं काय झालं, गाडी स्वतंत्र होती का. वाईट अनुभव असेल तर तारखा आणि रकमा लिहा. ‘चोर’, ‘लुटारू’ असे शब्द आणि कामगारांचे फोन नंबर टाळा. जे कागदाने दाखवता येतं तेवढं लिहिलं की वकिलाच्या नोटिशीची धमकी आली तरी घाबरायचं कारण उरत नाही.

सामान उतरताना यादीप्रमाणे एकेक खोकं मोजा, फुटलेल्या वस्तूचा फोटो काढा आणि पोच कागदावर सही करण्याआधी नुकसान त्यावरच लिहा. भरपाईसाठी वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. गाडी अडवून पैसे मागितले तर ११२ ला फोन करा. वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली गुन्हा आहे, हे पोलिसांना आणि त्या माणसाला दोघांनाही स्पष्ट सांगा. आगाऊ रक्कम घेऊन नंबर बंद झाला तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, बाकी तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बंगळुरूतूनही, ती दाखल करता येते.